पंचवीस हजार भरण्याआधी: तासगावच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. मुलगी बारावी सायन्सला, प्रवर्ग ओबीसी, एमएचटी-सीईटीची तयारी चालू आहे. घरची द्राक्षबाग आहे, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. क्लासमध्ये पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाची माणसं येऊन माहिती देऊन गेली आणि आता रोज फोन येतो की पंचवीस हजार भरा, एआयची सीट पक्की करा, नंतर मिळणार नाही. ताई विचारतात: "घरात इंजिनिअरिंगला गेलेलं कुणी नाही. विद्यापीठ चांगलं की वाईट, कोर्स चांगला की वाईट, हे आमच्यासारख्यांनी घरबसल्या कसं ओळखायचं?"

ताई, पैसे आत्ता भरू नका. हे आधी सांगतो, कारण फोन उद्याही येणार आहे. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातले बरेच जून-जुलै प्रवेशाच्या सुविधा केंद्रात बसून काढले. सीट संपेल या भीतीनं मार्चमध्ये पैसे भरलेले आणि ऑगस्टमध्ये ते परत मिळवायला हेलपाटे घालणारे पालक मी दरवर्षी पाहिले आहेत.

तुमच्या घराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट अशी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं या सवलतीत येत नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तरी ती जाते. तुमच्या मुलीला कॅपमधून मिळालेल्या कॉलेजात फक्त विकास शुल्क, वसतिगृह आणि जेवणाचा खर्च राहील, आणि तीच मुलगी त्या विद्यापीठात गेली तर चारही वर्षांची पूर्ण फी तुम्हाला बागेतून काढावी लागेल. फोनवरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "महाडीबीटीची मुलींची शंभर टक्के फी माफी तुमच्याकडे लागू आहे का? ई-मेलवर लिहून द्या." महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. तोंडी उत्तर धरू नका.

याचा अर्थ खासगी विद्यापीठ वाईटच असतं असा नाही. चांगली आहेत आणि तिथून चांगली मुलं बाहेर पडली आहेत. पण तिथे जाताना किती पैसे सोडून जातो आहोत ते माहीत असावं.

आता तुमचा मूळ प्रश्न. पालक कॉलेजचं नाव विचारतात, मुलं शाखेचं नाव विचारतात. मला वाटतं दोन्ही नावं बाजूला ठेवून तिथल्या चार वर्षांचे कागद वाचायला हवेत, आणि ते वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. कॉलेजला स्वतःबद्दल बरीच माहिती कायद्यानं किंवा मानांकनाच्या नियमानं उघड करावी लागते. जाहिरातीत असते ती वेगळी आणि या कागदांत असते ती वेगळी. दुसरी वाचायची.

आधी बघायचं की पदवी कोण देणार. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. पण आपल्या भागातलं प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेज त्याला संलग्न आहे असं समजू नका. काही कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तर काही स्वायत्त आहेत. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवीवर नाव विद्यापीठाचं. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासूनचं, अनुदानित, २००७ पासून स्वायत्त. अभिमत विद्यापीठं यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम ३ खाली येतात आणि स्वतःची पदवी देतात. राज्यातली खासगी विद्यापीठंही स्वतःची पदवी देतात, पण त्यांना दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे "आमच्या अमुक खासगी विद्यापीठाचं संलग्न कॉलेज मिरजेत आहे" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते, बोगस विद्यापीठांचीही असते. दोन्ही पाहायला पाच मिनिटं लागतात.

त्याच्या जोडीला अभ्यासक्रमाची मान्यता. इंजिनिअरिंगला एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद), फार्मसीला फार्मसी कौन्सिल, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, आर्किटेक्चरला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, कायद्याला बार कौन्सिल. एआयसीटीईचं मान्यतेचं पत्र कॉलेजच्या संकेतस्थळावर असतं आणि त्यात शाखानिहाय प्रवेशक्षमता लिहिलेली असते. गेल्या दोन-तीन वर्षांची पत्रं शेजारी ठेवा. एखाद्या शाखेच्या साठ जागांच्या एकदम एकशे ऐंशी झाल्या असतील तर त्या वाढलेल्या मुलांना शिकवायला माणसं आणि प्रयोगशाळा वाढल्या का, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांत बहुतेकांचा गोंधळ होतो. नॅकची श्रेणी सगळ्या संस्थेला मिळते, एनबीएचं मानांकन एकेका शाखेला. फाटकावर "एनबीए मान्यताप्राप्त" अशी पाटी असते आणि आत गेल्यावर कळतं की मानांकन मेकॅनिकलला आहे, तुम्ही विचारताय त्या शाखेला नाही. एआय आणि डेटा सायन्स या शाखा बहुतेक ठिकाणी २०२० नंतर सुरू झाल्या. चार वर्षांचा कोर्स असल्यानं त्यांच्या फार थोड्या तुकड्या बाहेर पडल्या आहेत. अशा शाखेच्या नोकऱ्यांचे जे आकडे सांगितले जातात ते पुष्कळदा शेजारच्या कॉम्प्युटर शाखेचे असतात. "या शाखेची पहिली तुकडी कोणत्या साली बाहेर पडली?" असं थेट विचारा.

नोकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जाहिरातीत दोन आकडे असतात, एक सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आणि दुसरा प्लेसमेंटच्या टक्क्याचा. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात वरचा भाव एखाद्याच मालाला लागतो. त्या भावावर तुम्ही वर्षाचा हिशोब मांडत नाही, तसंच हे. आपल्याला मधला भाव हवा असतो. तो मिळतो एनआयआरएफच्या कागदात. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांक कितवा आहे याकडे मी फारसं बघत नाही, पण भाग घेणाऱ्या संस्थेनं भरून दिलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि ती सोन्यासारखी आहे. कॉलेजच्या पानावर सगळ्यात खाली "एनआयआरएफ" असं लिहिलेलं असतं. तिथली पीडीएफ उघडा. पदवीच्या चार वर्षांच्या तक्त्यात पहिल्या वर्षाला किती मुलं आली, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला किती आली, ठरलेल्या वेळेत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि पुढे शिकायला किती गेली, हे सगळं ओळीनं दिलेलं असतं.

समजा एका तक्त्यात पहिल्या वर्षाला ४२०, थेट दुसऱ्याला ६०, वेळेत पास ३६०, नोकरी १६०, उच्च शिक्षण ३० आणि मध्यक पगार वर्षाला तीन लाख वीस हजार असं आहे. म्हणजे आत गेलेल्या ४८० मुलांपैकी १६० जणांना नोकरी लागली, तिघांत एकाला. याच कॉलेजची जाहिरात "९५ टक्के प्लेसमेंट, ४२ लाखांचं पॅकेज" अशी असू शकते, आणि तीही खोटी नसते. ते टक्के नाव नोंदवलेल्या आणि पात्र ठरलेल्या मुलांचे असतात, आणि पॅकेज एका मुलाचं असतं. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्यांचे पगार ओळीनं मांडले तर बरोबर मधला. तुमची मुलगी मेहनती आहे, मधल्यापेक्षा वर जाईलही, पण निर्णय मधल्या आकड्यावर घ्या. हा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो, म्हणून शाखेचा आकडा कॉलेजला वेगळा मागायला लागतो. मागितला तर देतात का, कसा देतात, यावरूनही पुष्कळ समजतं.

त्याच पीडीएफमध्ये शिक्षकांची यादी असते. ही यादी वाचायला मी एका चुकीतून शिकलो. २०११ साली जतकडच्या एका मुलाला मी फक्त कट-ऑफ बघून एक कॉलेज सुचवलं. कट-ऑफ चढा होता, इमारत नवी होती. दुसऱ्या वर्षी तो भेटायला आला तेव्हा कळलं की त्याच्या शाखेतल्या तीन मुख्य विषयांना सेमिस्टर अर्धं होईपर्यंत शिक्षकच नव्हते. त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून पहिल्या वर्षाची फी भरली होती. तो मुलगा पुढे स्वतःच्या जिद्दीनं उभा राहिला, पण त्या सल्ल्याची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून मी यादीतल्या दोन रकान्यांवर बोट ठेवून बघतो. एक रुजू झाल्याची तारीख, दुसरा नेमणूक नियमित की कंत्राटी. निम्म्याहून अधिक शिक्षक गेल्या वर्षा-दोन वर्षांत आलेले असतील तर तिथे माणसं टिकत नाहीत. आपल्या शाखेत दहा-पंधरा वर्षं राहिलेले चार-पाच शिक्षक दिसले तर तिथे काहीतरी नीट चाललं आहे.

यानंतर अभ्यासक्रम. हे काम मुलीनं स्वतः करायचं, तुम्ही शेजारी बसा. एआयचा आणि कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम छापून समोर ठेवायला सांगा. प्रत्येक विषयापुढे एल-टी-पी असे तीन आकडे असतात, म्हणजे आठवड्याला तास किती, ट्युटोरियल किती, प्रॅक्टिकल किती. दोन्ही शाखांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स हे विषय आहेत का ते बघायचं. एआयच्या यादीत हा पाया असेल आणि वर सांख्यिकी, संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा नीट वजनानं असेल, तर ती शाखा मनापासून आखलेली आहे. पाया काढून त्या जागी भारी नावांचे दोन-दोन क्रेडिटचे विषय भरले असतील तर कॉम्प्युटर घेतलेलं बरं. इंजिनिअरिंगनंतर पुढे शिकण्यासाठीच्या गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. तोही उघडून बघा, म्हणजे या क्षेत्रात पुढे गणित किती लागतं याचा अंदाज येईल. आणि यादीतल्या निम्म्या विषयांबद्दल तिला काहीच कुतूहल वाटलं नाही, तर तेही उत्तरच आहे. ते आत्ता मिळालेलं बरं.

कट-ऑफबद्दल एवढंच, की तो गर्दी सांगतो. शिकवणं कसं आहे ते त्यातून कळत नाही. पण विकल्प अर्ज (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना तो वाचता यायला हवा आणि दरवर्षी हुशार घरांतही तो चुकीचा वाचला जातो. सीईटी सेल प्रत्येक फेरीची यादी प्रसिद्ध करतो. त्यातल्या कोडचं पहिलं अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि एल असेल तर मुलींसाठी राखीव जागा. मधे प्रवर्ग असतो. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून केली त्यावर ठरते. मुलीनं बारावी तासगावात केली असेल तर तिचं होम शिवाजी विद्यापीठ. तिच्यासाठी सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत एचच्या ओळी बघायच्या आणि पुण्याच्या कॉलेजांत ओच्या. पुण्याचा एचचा कट-ऑफ बघून "आपलं होतंय" म्हणणारे पालक पहिल्या फेरीनंतर सुन्न होऊन बसतात. काही संस्थांत सगळ्याच जागा राज्यस्तरावरच्या असतात, तिथे एसची ओळ. तुमच्या मुलीचा विचार मुलींच्या आणि सर्वसाधारण, तसंच ओबीसी आणि खुल्या, अशा सगळ्या जागांसाठी होतो, तेव्हा एकच ओळ बघून निराश होऊ नका. आणि आकडा पर्सेंटाइलचा असतो, मार्कांचा नाही. निदान गेल्या तीन वर्षांच्या याद्या बघा. फेऱ्यांचे नियम मात्र दरवर्षी बदलतात, ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतूनच वाचायचे, मागच्या वर्षी कुणाला काय झालं त्यावर जाऊ नका.

विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानं मिळते. कॉलेजनं सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

कागद वाचून चार-पाच कॉलेजं उरली की प्रत्यक्ष जाऊन या. कॉलेजनं बोलावलेल्या दिवशी जाऊ नका, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराला जा. त्या दिवशी रांगोळी नसते, स्वागताचा चहा नसतो. नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक बघा, मग त्या तासाला त्या वर्गात शिक्षक आहेत का ते बघा. प्रयोगशाळेत किती यंत्रं चालू आहेत ते मुलीला मोजू द्या. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही लांब बसा. आईसमोर मुली सगळं सांगत नाहीत. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "चांगलं आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी तिनं विचारावं, मागच्या सेमिस्टरला अमुक विषय कुणी शिकवला, प्रॅक्टिकल स्वतः केलं की जर्नल उतरवलं, इंटर्नशिप कॉलेजनं मिळवून दिली की स्वतः शोधली, वसतिगृहाच्या पाण्याचं आणि मेसचं काय, रात्री लायब्ररीतून परत यायला किती चालावं लागतं. अर्ध्या तासात जे कळतं ते माहिती पुस्तिकेच्या शंभर पानांत नसतं. लांबच्या कॉलेजला जाणं जमत नसेल तर लिंक्डइनवर त्या कॉलेजचं आणि शाखेचं नाव घालून तीन वर्षांपूर्वी पास झालेली दहा-बारा मुलं आज काय करतात ते बघा. त्यांपैकी दोघांना तरी मुलीनं नम्रपणे संदेश पाठवावा. आपल्या भागातली मुलं उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. तुमच्या पत्रात "तिला गणित फार आवडतं" असं एक वाक्य आहे. गणित आवडतं म्हणून इंजिनिअरिंग, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलं जातं की दुसरी दारं कुणी ठोठावतच नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ पासूनचं आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे, त्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येतं. संख्याशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. करून डेटाच्या कामात स्थिरावलेली माझ्या माहितीतली मुलं आहेत. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा कोर्सही आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि अर्जाची तारीख सीईटीच्या निकालाआधीच निघून जाते. म्हणून ते आत्ताच बघायला हवं. कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत सुरू केली. तिथून पुढे रुजलेली "कमवा आणि शिका" ही पद्धत आपल्या भागात अजून जिवंत आहे. ज्या कॉलेजात जाल तिथे अशी योजना आहे का आणि मुलींना त्यात काम मिळतं का, हेही विचारा. घरची ओढाताण असेल तर वसतिगृहाच्या भत्त्याची कोणती सरकारी योजना तिच्या प्रवर्गाला लागू आहे याचीही चौकशी करून ठेवा.

आणि इतकं सगळं बघूनही ते खासगी विद्यापीठच तुम्हाला पटलं, तर जरूर जा. फक्त पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: चारही वर्षांची फी आणि दरवर्षीची वाढ, प्रवेश रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम आणि त्याची शेवटची तारीख, आणि या शाखेच्या बाहेर पडलेल्या तुकडीचा मध्यक पगार. फी परताव्याबद्दल यूजीसीचं दरवर्षीचं पत्र असतं, ते शोधून वाचा. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कुणीही स्वतःकडे ठेवून घेऊ शकत नाही, त्यांनी बघावं आणि परत द्यावं.

सध्या बागेत छाटणी-काढणीची गडबड असेल, म्हणून कामं थोडी वाटून घ्या. अभ्यासक्रम आणि एनआयआरएफचे तक्ते मुलीनं सीईटी झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात काढावेत, आत्ता तिला अभ्यास करू द्या. तुम्ही तोवर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र बघा. वैधतेचा अर्ज अजून केला नसेल तर या सोमवारीच करा, जूनमध्ये त्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. पर्सेंटाइल कळलं की तुमची यादी घेऊन एखाद्या रविवारी विश्रामबागेत माझ्याकडे या, येताना मुलीला आणा. विकल्प अर्जाचा क्रम तिच्या हातानंच लावू.